सात घोडेस्वार आणि साठ सेकंद

24 फेब्रुवारी 1674. सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या आदिलशाही फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. गडहिंग्लज तालुक्यातल्या शाळकरी पोरांना ही हकीकत तोंडपाठ असते. आता याच नेसरीबद्दल एक वेगळा प्रश्न विचारू: गावापासून चाळीस किलोमीटरच्या आत जन्मलेले मराठी लेखक कोण कोण?

नेहमीच्या सर्च इंजिनला हा प्रश्न घातला की पुढ्यात पानांची चळत पडते, वाचून उत्तर आपलं आपण काढायचं. लिंक्ड डेटाच्या सार्वजनिक क्वेरी सेवा थेट तक्ता मांडतात: नाव, गाव, जन्मवर्ष. फुकट, खातंही न उघडता. यातली कुठली सेवा सुसाट, कुठली मध्येच दमते, कुठली अर्धं उत्तर देऊन गप्प बसते, याच्या गमती मराठीत फारशा कुणी सांगितलेल्या नाहीत. म्हणून ही शिदोरी.

तीन शब्दांत गाव

लिंक्ड डेटाच्या जगात सगळी माहिती तीन तुकड्यांच्या वाक्यांत मांडतात. नेसरी – तालुका – गडहिंग्लज. गडहिंग्लज – जिल्हा – कोल्हापूर. शिवाजी सावंत – जन्मस्थळ – आजरा. बस्स. एका वाक्याचा शेवट दुसऱ्याची सुरुवात होतो, आणि अशी कोट्यवधी वाक्यं एकमेकांत गुंफली की त्यातून प्रश्नांची उत्तरं निघतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2006 मध्ये याचे चार साधे नियम लिहून काढले. त्यातला पहिलाच नियम असा, की प्रत्येक वस्तूला स्वतःचा पक्का पत्ता हवा.

हे आपल्याला नवं नाही. एकाच नावाच्या गावांनी टपालखात्याला भंडावून सोडलं होतं, तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने देशाला पिनकोड दिला, 15 ऑगस्ट 1972 रोजी. गावाचं नाव कुणी कसंही लिहो, सहा आकडे बरोबर असले की पत्र पोचतं. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याचे क्यू-क्रमांक तेच काम करतात, फक्त गावांपुरतं नाही. माणसं, नद्या, पुस्तकं, मांजरं, सगळ्यांसाठी.

नाव बदललं, क्रमांक तोच

मराठी भाषेचा क्रमांक क्यू1571. महाराष्ट्राचा क्यू1191, मुंबईचा क्यू1156, पुण्याचा क्यू1538. 2014 मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. अशा वेळी नावाने शोधणाऱ्यांची याद्या दुरुस्त करता करता दमछाक होते. क्रमांकाने विचारणाऱ्याला एक अक्षरही बदलावं लागत नाही.

काही क्रमांक तर मुद्दाम राखून ठेवल्यासारखे आहेत. क्यू1 म्हणजे विश्व, क्यू2 पृथ्वी. क्यू80 खुद्द टिम बर्नर्स-ली. क्यू13 म्हणजे तेराच्या आकड्याची भीती! आणि क्यू1868 कोण? 1868 साली जन्मलेले बेल्जियमचे पॉल ऑतले. ते पुढच्याच गमतीचे नायक आहेत.

टपालाने क्वेरी, 1896

ऑतले आणि त्यांचे मित्र आंरी ला फोंतेन यांनी ब्रसेल्समध्ये जगभरच्या ज्ञानाची कार्डं लिहायला घेतली. पुढे त्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. 1896 मध्ये त्यांनी यावर सेवा सुरू केली: पैसे भरा, प्रश्न पत्राने पाठवा, त्या विषयाच्या कार्डांच्या नकला घरपोच येतील. 1912 पर्यंत वर्षाला दीड हजारांहून जास्त प्रश्न येऊ लागले होते. यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की प्रश्नाचं उत्तर पन्नास कार्डांच्या वर जाईलसं वाटलं तर विचारणाऱ्याला आधी तसं कळवत असत.

आजच्या सेवांनाही हाच पेच पडतो. फार मोठं उत्तर मागणाऱ्याचं काय करायचं? ऑतलेंनी आधी विचारून घेतलं. आजच्या काही सेवा विचारत नाहीत, ते पुढे येईलच.

क्वेरीत देवनागरी चालते!

या सेवांना प्रश्न विचारण्याची भाषा स्पार्कल. 15 जानेवारी 2008 रोजी ती प्रमाण म्हणून जाहीर झाली, 2013 च्या मार्चमध्ये तिची मोठी सुधारित आवृत्ती आली. तिच्या इंग्रजी लघुनामातलं पहिलं अक्षर ज्या शब्दाचं, तो शब्दही स्पार्कलच. म्हणजे नाव उलगडत गेलात तर कधी संपतच नाही.

मला सर्वात भावलेली गोष्ट मात्र तिच्या व्याकरणाच्या नियमांत दडलेली आहे. प्रश्नचिन्ह लावून लिहायची जी रिकामी जागा असते, तिचं नाव देवनागरीत ठेवता येतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, सगळं प्रमाणात बसतं. म्हणजे लेखकांचा प्रश्न, सोयीसाठी वर्तुळाऐवजी कोल्हापूर जिल्हा धरला तर, असा दिसू शकतो:

?लेखक – जन्मस्थळ – ?गाव
?लेखक – व्यवसाय – साहित्यिक
?गाव – प्रशासकीय विभाग – कोल्हापूर जिल्हा

प्रत्यक्षात बाकीच्या शब्दांच्या जागी क्रमांक येतात. जन्मस्थळ म्हणजे पी19, व्यवसाय म्हणजे पी106, साहित्यिक म्हणजे क्यू36180. पण ?लेखक आणि ?गाव जसेच्या तसे चालतात. इंग्रजीला बिचकून मागे राहणाऱ्या पोरापोरींना आधी हीच ओळ दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

साठ सेकंदांची घंटा

विकिडेटा सुरू झालं 29 ऑक्टोबर 2012 रोजी, आणि त्याची क्वेरी सेवा 2015 च्या सप्टेंबरात. नियम सोपा: क्वेरीला साठ सेकंद. तेवढ्यात उत्तर निघालं तर निघालं, नाहीतर टाइमआउट. शिवाय एका ग्राहकाने दर मिनिटाला सर्व्हरचा किती वेळ खायचा, यावरही मर्यादा आहे. कारण उघड आहे. इथे येणारे बहुतेक प्रश्न माणसं टाइप करत नाहीत, प्रोग्राम पाठवतात, आणि प्रोग्रामला दम लागत नाही.

या सेवेच्या पोटात ब्लेझग्राफ नावाचं इंजिन आहे. निवडलं तेव्हा ते उत्तम होतं. पुढे त्याचे कारागीर अमेझॉनकडे गेले आणि त्याच्या सुधारणा थांबल्या. इकडे विकिडेटा फुगतच गेलं, पंधरा-सोळा अब्ज वाक्यांपर्यंत. बघितलं तर त्यातली जवळपास निम्मी वाक्यं शोधनिबंधांबद्दलची! शेवटी 2025 मध्ये शोधनिबंधांचा संसार वेगळ्या सर्व्हरवर मांडला आणि मुख्य सेवेला मोकळा श्वास मिळाला. जुनी क्वेरी अचानक कमी निबंध दाखवू लागली असेल, तर कारण हे.

कुठून सुरुवात करायची, यात सगळं आलं

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

लेखकांच्या प्रश्नात तीन अटी आहेत. इंजिनने पहिली कुठली घ्यायची? जगातली जन्मस्थळं आधी गोळा केली, तर लाखोंच्या लाखो नोंदी हातात येतात; विकिडेटात नुसत्या माणसांच्या नोंदीच एक कोटीच्या वर आहेत. व्यवसायापासून निघालं तरी जगभरचे लेखक येतात आणि मग प्रत्येकाचं जन्मगाव तपासत बसावं लागतं. पण कोल्हापूर जिल्ह्यापासून सुरुवात केली तर बारा तालुक्यांतली गावं हाती लागतात, त्या गावांत जन्मलेली मोजकी माणसं, आणि त्यातले लेखक तर बोटावर मोजण्याइतके. उत्तर तेच. एका वाटेने डोळ्याचं पातं लवायच्या आत, दुसऱ्या वाटेने साठ सेकंदही अपुरे.

ही वाट निवडणाऱ्या भागाला क्वेरी प्लॅनर म्हणतात. दोन सेवांच्या वेगातला फरक बहुतेकदा मशीनच्या ताकदीत नसतो, प्लॅनरच्या अंदाजात असतो. अंदाज चुकला की भलं दांडगं मशीनही घामाघूम.

यात आणखी एक मेख आहे. विकिडेटात गावाची नोंद सहसा तालुक्याला जोडलेली असते, जिल्ह्याला नाही. म्हणून ‘कितीही पायऱ्या चढून कोल्हापूर जिल्ह्यापर्यंत पोच’ असं सांगावं लागतं. स्पार्कलमध्ये त्यासाठी एक चांदणी टाकली की झालं. लिहायला एक चिन्ह, पण इंजिनला पायरीपायरीने अख्खं झाड चढावं लागतं. क्वेरी अडकली की मी तरी आधी चांदणी शोधा असंच सांगेन.

तीन शब्द, सहा कपाटं

तीन तुकडे किती प्रकारे लावता येतात? सहा. म्हणून अनेक इंजिनं तीच वाक्यं सहा वेगवेगळ्या क्रमांनी लावून ठेवतात. ‘शिवाजी सावंत कुठे जन्मले’ याला एक क्रम सोयीचा, ‘आजऱ्यात कोण जन्मलं’ याला दुसरा. जागा जास्त लागते, पण शोध झटपट होतो.

फ्रायबुर्गचा पठ्ठ्या

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात हाना बास्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक इंजिन घडवलं, त्यावरचा निबंध 2017 मध्ये आला. नावाचा उच्चार क्लेव्हर, स्पेलिंग मात्र क्यू अक्षरापासून. सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं हे इंजिन एका चांगल्या पीसीवर अख्खं विकिडेटा एका दिवसाच्या आत लावून घेतं. त्याची सार्वजनिक सेवा कुणालाही खुली आहे, आणि विकिडेटाच्या मूळ सेवेवर साठ सेकंदांत गुदमरणारे मोजणीचे प्रश्न, म्हणजे जगातली सगळी माणसं व्यवसायवार मोजा असे, इथे चुटकीसरशी सुटतात. नकाशांचा ओपनस्ट्रीटमॅप आणि प्रथिनांचा युनिप्रॉट हेही त्याने पचवले आहेत. युनिप्रॉट म्हणजे शंभर अब्जांच्याही वर वाक्यं!

टाइप करता करता पुढचा शब्द सुचवण्याची त्याची रीत तर लाजवाब. नुसती शब्दांची यादी तो पुढे करत नाही. आत्तापर्यंत लिहिलेल्या ओळींना जे खरोखर लागू पडतं, तेवढंच सुचवतो. ?गाव लिहून थांबलात की गावांना असतात तेच गुणधर्म समोर येतात. क्रमांक पाठ नसलेल्या नवशिक्याला याचा किती आधार वाटत असेल!

2022 मध्ये विकिडेटा चालवणाऱ्या विकिमीडियाने ब्लेझग्राफच्या जागी कोण बसू शकेल याची छाननी केली, तेव्हा पुढे राहिलेल्या नावांत हा विद्यापीठातला गडीही होता.

दहा हजारांवर गप्प

डीबीपीडिया ही या क्षेत्रातली जुनी जाणती सेवा, 2007 पासूनची. विकिपीडियाच्या चौकटींतली माहिती खरडून तीन तुकड्यांच्या वाक्यांत मांडणारी. तिच्यामागे व्हर्चुओसो नावाचं इंजिन धावतं, आणि साध्या प्रश्नांना ते फार चपळ आहे. पण एका वेळी दहा हजार ओळी, त्यावर नाही. तक्ता बरोबर दहा हजारांवर संपला असेल तर समजून जावं, हे पूर्ण उत्तर नाही. भारतातल्या गावांची यादी मागणाऱ्याने तर हे आधी बघावं. ऑतलेंची पन्नास कार्डांची सूचना किती सभ्य होती, ते इथे कळतं.

427 दुकानं, किती उघडी?

चार संशोधकांनी अशा सार्वजनिक क्वेरी सेवांची जगभर झडती घेतली आणि 2013 मध्ये निकाल मांडला. यादीत 427 सेवा होत्या. 27 महिने त्यांच्यावर नजर ठेवली होती. महिन्याच्या 99 टक्के वेळ किंवा त्याहून जास्त चालू सापडणाऱ्या सेवा निघाल्या फक्त 32.2 टक्के. सर्वात चपळ आणि सर्वात मंद सेवेतला फरक तर हजारपट ते दहा हजारपटीपर्यंत गेला! आपल्याकडे काय-काय माहिती आहे, हे नीट सांगणाऱ्या सेवा जेमतेम एक तृतीयांश.

म्हणून माझं ठाम मत आहे, की सेवेची पहिली परीक्षा वेगाची घेऊच नये. आज उघडी आहे का, पुढच्या महिन्यात असेल का, हे आधी. बंद पडलेल्या सेवेचा वेग कुणाच्या कामाचा?

शर्यत लावायची तर नियम पाळून

तीच क्वेरी लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्यांदा ती बहुधा विजेसारखी येईल, कारण उत्तर आधीच साठवलेलं असतं. एका सेवेचा पहिला वेळ आणि दुसरीचा दुसरा वेळ शेजारी ठेवणं म्हणजे शुद्ध अन्याय.

नेसरीत मोबाइलवर बसून क्वेरी पाठवली, तर प्रश्न समुद्रापार जाऊन उत्तर परत येण्याचा वेळही त्यात धरला जातो. रेंज एक काडी असेल तर दोष फ्रायबुर्गच्या माथी मारू नये. काही सेवा सर्व्हरवर नेमका किती वेळ लागला ते वेगळं दाखवतात, तोच आकडा घ्यावा.

मग ताजेपणा. आत्ता कुणी नेसरीच्या नोंदीत भर घातली, तर ती कुठल्या सेवेत लगेच दिसेल आणि कुठल्या सेवेत पुढचा साठा येईपर्यंत थांबावं लागेल, हे सेवेगणिक बदलतं. दोन उत्तरं वेगळी आली की इंजिन चुकलं असं धरून चालू नये. साठा शिळा असेल.

आणि भाषा तीच, पण खुबी वेगळी. ‘नेसरीभोवती चाळीस किलोमीटर’ हे सांगायची विकिडेटाच्या सेवेची रीत तिची स्वतःची आहे. तीच ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर चालेलच असं नाही. नावं मराठीत दाखवण्याची तिची सोयही घरगुतीच. शर्यतीसाठी प्रश्न प्रमाण स्पार्कलमध्येच लिहायला हवा.

एक ऱ, दोन रूपं

‘खोऱ्यात’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ संगणकात एका अक्षराच्या रूपात साठवता येतो, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. त्यात कुणी तिसऱ्याच पद्धतीने, अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेलं असतं. अशा वेळी नाव हुबेहूब जुळवून शोधणारी क्वेरी सुसाट धावते आणि हात हलवत परत येते. मग माणूस वैतागून ‘नावात हे अक्षर कुठेही असलं तरी चालेल’ असं सांगतो. तसं सांगितलं की कोट्यवधी नावं एकेक करून चाळावी लागतात, आणि घंटा वाजतेच. मराठीत काम करणाऱ्याने नावाच्या मागे न लागता क्रमांक धरावा, तो याचसाठी.

चपला आठ जिल्ह्यांच्या

कोल्हापूर जिल्ह्यातली भौगोलिक मानांकनं विचारा: कोल्हापुरी गूळ, 2016 चा आजरा घनसाळ तांदूळ, 2019 ची कोल्हापुरी चप्पल. तांदूळ आजऱ्याचा, त्यात वाद नाही. चप्पल मात्र कागदोपत्री आठ जिल्ह्यांची आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपुरा. वहीतल्या तक्त्यात ‘जिल्हा’ या एका खणात हे कसं लिहिणार? लिंक्ड डेटात चपलेबद्दल आठ वाक्यं लिहायची, संपलं. सीमाभागाला ही मांडणी शोभून दिसते.

कोवाडचे की कोल्हापूरचे?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत आजऱ्याचे, 31 ऑगस्ट 1940 चा जन्म. ते वर्तुळात बसतात. ‘स्वामी’कार रणजित देसाईंचं गाव चंदगड तालुक्यातलं कोवाड, तेही नेसरीच्या शेजारातलं. पण आपण विचारलं होतं जन्मस्थळ. गाव एक नोंद, जन्मस्थळ दुसरी. ज्याने नोंद भरली त्याने जन्मस्थळाच्या खणात काय लिहिलं, त्यावर देसाई तक्त्यात येणार की नाही ते ठरतं. तिथे कोल्हापूर शहर असेल, तर चाळीस किलोमीटरचं वर्तुळ त्यांना बाहेर ठेवील, आणि तेही क्षणार्धात. हे कुठल्याच इंजिनच्या हातात नाही. हे कोवाडच्या, नेसरीच्या, आजऱ्याच्या माणसांच्या हातात आहे. विकिडेटात कुणीही भर घालू शकतो, पुराव्यानिशी.

आणि ते सहा जण

प्रतापरावांबरोबरच्या सहा स्वारांची परंपरेने सांगितली जाणारी नावं अशी: विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. या यादीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. विकिडेटाची मांडणी अशा ठिकाणी कामाची आहे. एकाच लढाईबद्दल परस्परविरोधी विधानं शेजारी शेजारी ठेवता येतात, प्रत्येकाला आपापला संदर्भ जोडता येतो, आणि एखाद्याला वरचा दर्जाही देता येतो.

फक्त क्वेरी लिहिताना सावध राहावं लागतं. विकिडेटात विचारायच्या दोन वाटा आहेत. जवळची वाट फक्त असलेल्यांतल्या सर्वात वरच्या दर्जाची विधानं देते, बाकीची विधानं आणि संदर्भ मागेच राहतात. बहुतेक वेगाच्या चाचण्या याच वाटेवर घेतात, कारण ती आखूड. लांबची वाट विधानाच्या नोंदीत शिरते, तिथून विधानाचा दर्जा, संदर्भ, ग्रंथाचं नाव, सगळं बाहेर काढते. तिला ओळी जास्त लागतात आणि वेळही. नेसरीच्या लढाईबद्दल विचाराल तेव्हा ती लांबची वाट घ्या. सहा नावांपुढे कुठलं नाव कुठल्या बखरीतून किंवा कुठल्या ग्रंथातून आलं, हे जिथे लिहून ठेवलंय तिथे ते वाचायला मिळेल, आणि जिथे खण रिकामा आहे तो भरताही येईल.